पहिली गोळी कोणाची? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

मागच्या अंकातल्या टिपणात आम्ही म्हटलं होतं की दिग्दर्शकाने आपला जुना विज्ञानपट पुनर्प्रदर्शनासाठी हवा तेवढा बदलावा, पण लोकांनी आधी थिएटरात पाहिलेली आवृत्ती तितक्याच चांगल्या दर्जात उपलब्ध ठेवावी. त्यावर सोलापूर शहर आणि जिल्ह्यातून बरीच पत्रं आली. त्यातल्या काहींना ही उत्तरं.

ज्याचा सिनेमा त्याला तो बदलायचा हक्क. लेखक दुसऱ्या आवृत्तीत दुरुस्त्या करतोच की! मग चाहत्यांनी एवढा गळा का काढावा? (वाचक, जुळे सोलापूर)

हक्क आहेच, त्यावर वाद नाही. पण लेखकाने दुसरी आवृत्ती काढली म्हणून वाचनालयातली पहिली आवृत्ती कोणी उचलून नेत नाही. 'स्टार वॉर्स'च्या बाबतीत मात्र ती उचलूनच नेली. १९९७ च्या 'स्पेशल एडिशन' या बदललेल्या आवृत्तीनंतर मूळ १९७७ चा चित्रपट हळूहळू बाजारातून दिसेनासा झाला आणि पुढे २००४, २०११, २०१९ अशा प्रत्येक फेरीत नवे बदल होत गेले. या चित्रपटाला ऑस्कर मिळाले त्यात संकलनाचाही होता आणि दृश्य-परिणामांचाही. आज डिस्क लावली तर ज्या कामाला ती बक्षिसं मिळाली, ते काम जसंच्या तसं दिसत नाही. ते काम एकट्या दिग्दर्शक जॉर्ज लुकासचं नव्हतं. संकलकांचं होतं, मॉडेल बनवणाऱ्यांचं होतं, ऑप्टिकल प्रिंटरवर बसणाऱ्यांचं होतं.

आणि हे लुकासला कोणी शिकवायची गरज नव्हती. जुन्या कृष्णधवल चित्रपटांना रंग फासण्याच्या विरोधात १९८८ साली अमेरिकी काँग्रेससमोर साक्ष द्यायला तो स्वतः गेला होता.

उलट उदाहरणं पाहा. 'क्लोज एन्काउंटर्स ऑफ द थर्ड काइंड'च्या १९७७, १९८० आणि १९९८ च्या तिन्ही आवृत्त्या २००७ मध्ये एकाच ब्लू-रे संचात आल्या. १९८० साली स्टुडिओच्या आग्रहाखातर परग्रहवासीयांच्या यानाचा अंतर्भाग दाखवला होता, १९९८ मध्ये दिग्दर्शक स्पीलबर्गने तो काढून टाकला. कोणाला कुठली आवडते यावर चाहते आजही वाद घालतात, पण फसवणूक झाली असं कोणी म्हणत नाही.

चार जुने इफेक्ट नवे केले तर नेमकं बिघडलं काय? (वाचक, बार्शी)

सगळंच बिघडलं नाही. काय सुधारलं ते आधी सांगतो.

'स्टार वॉर्स'चंच घ्या. १९७७ मध्ये एका फ्रेममध्ये पाच यानं दाखवायची तर प्रत्येक यान वेगळं चित्रित करून ऑप्टिकल प्रिंटरवर एकावर एक छापावं लागे. प्रत्येक नकलेगणिक दाणा (फिल्मवरचे बारीक ठिपके) वाढतो आणि कॉन्ट्रास्ट चढतो. म्हणून इफेक्टची शॉट्स 'व्हिस्टाव्हिजन' कॅमेऱ्यावर घेतली. त्यात ३५ मिमी फिल्म आडवी धावते आणि एका फ्रेमला आठ छिद्रांची जागा मिळते, म्हणजे नेहमीच्या दुप्पट. एवढं करूनही यानाभोवती मॅटचे, म्हणजे बाकीचं चित्र झाकणाऱ्या काळ्या मुखवट्याचे, चौकोन राहत. थिएटरच्या काळोखात ते लपायचे, पण व्हिडिओवर ब्राइटनेस चढला की धुरकट चौकटी दिसायच्या. दुसऱ्या भागातल्या बर्फावरच्या लढाईत तर विमानांच्या कॉकपिटच्या दांड्यांमधून मागचा बर्फ आरपार दिसतो. काळं मॅट पांढऱ्या पार्श्वभूमीवर पुरं पडलं नाही, हे त्याचं कारण. १९९७ मध्ये हे दोष पुसले ते चांगलंच केलं. कलाकृतीचा हेतू तोच राहिला, फक्त शिवण झाकली.

आता जब्बा या गुंडांच्या म्होरक्याचा प्रसंग घ्या. १९७६ मध्ये डेक्लन मल्हॉलंड या धिप्पाड नटाला केसाळ पोशाखात उभं करून तो चित्रित केला आणि नंतर कापला. १९९७ मध्ये नटाच्या जागी संगणकावर बनवलेला गोगलगाईसारखा जब्बा बसवला. घोटाळा असा की चित्रीकरणात हान सोलो (तस्कर वैमानिक, नट हॅरिसन फोर्ड) त्या माणसाला वळसा घालून मागून जातो आणि नव्या जब्बाला तिथे लांबलचक शेपूट आहे. मग काय केलं? हॅरिसन फोर्डची आकृती संगणकावर क्षणभर वर उचलली आणि त्याने शेपटीवर पाय दिला असं दाखवलं. फ्रेम-फ्रेम करून पाहा: शरीराचा तोल, गुडघे, खांदे काहीच वर चढल्यासारखं वागत नाही, अख्खा माणूस लिफ्टमध्ये असल्यासारखा सरळ वर जातो आणि खाली येतो. ज्याला इफेक्ट 'सुधारणं' म्हणायचं, त्यात मुळात नसलेला दोष निर्माण केला.

त्याहून मोठं नुकसान कथेचं. माल का टाकला, तपासणी झाली तर माझ्यासारख्यालाही थांबावं लागतं, हा हानचा खुलासा थोड्याच वेळापूर्वी, त्याला पकडायला आलेल्या ग्रीडोसमोर होऊन गेलेला असतो. जब्बासमोर तो जवळपास त्याच शब्दांत पुन्हा येतो. एकदा कापलेला प्रसंग परत जोडला की ही पुनरुक्ती उघडी पडते.

ग्रीडोची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. १९७७ मध्ये गोळी फक्त हान झाडतो. १९९७ मध्ये ग्रीडो आधी झाडतो आणि टेबलापलीकडून नेम चुकवतो. २००४ मध्ये दोघं जवळपास एकदम झाडतात. २०१९ मध्ये ग्रीडोच्या तोंडी एक नवाच शब्द घातला. स्वार्थी माणूस शेवटी मित्रासाठी परत येतो, हा हानचा सगळा प्रवास. सुरुवातीलाच त्याला सज्जन करून टाकलं तर मग परत येण्यात विशेष ते काय?

नव्या पेठेत 'स्टार वॉर्स'ची जुनी डीव्हीडी मिळाली. वेष्टनावर १२० मिनिटं लिहिलंय. मूळ चित्रपट १२१ मिनिटांचा, म्हणजे ही मूळचीच ना? (वाचक, सात रस्ता)

बहुधा नाही. इथेच पुष्कळ जण फसतात. आपल्याकडच्या डीव्हीडी बहुतेक पाल या टीव्ही पद्धतीच्या. चित्रपट सेकंदाला २४ फ्रेमचा, पाल २५ फ्रेमची, त्यामुळे चित्रपट सुमारे ४ टक्के जास्त वेगाने धावतो. हिशेब करा: मूळ १२१ मिनिटांचे पालवर ११६ होतात आणि स्पेशल एडिशनच्या १२५ चे बरोबर १२०. तुमच्या हातात बदललेली आवृत्ती आहे. आवाजही किंचित चढा लागेल, त्याचं कारण तेच.

वेळेवर विसंबण्यापेक्षा डिस्क लावून पाहा. सुरुवातीला वर सरकणाऱ्या पिवळ्या मजकुराच्या डोक्यावर 'एपिसोड ४' असेल तर ते १९८१ किंवा नंतरचं. तेवढ्याने निकाल लागत नाही, कारण १९८१ मध्ये फक्त हा मथळा वाढवला होता. मग मोस आयस्ली गावात शिरतानाचा प्रसंग पाहा: कॅमेऱ्यासमोरून मोठाले प्राणी आडवे जात असतील तर आवृत्ती १९९७ ची किंवा नंतरची. जब्बा दिसला की शंका संपली.

मूळ आवृत्ती अधिकृतपणे हवी असेल तर २००६ मध्ये निघालेल्या दोन डिस्कच्या संचातली दुसरी डिस्क शोधा. ती १९९३ च्या लेझरडिस्कसाठी केलेल्या मास्टरवरून (मूळ प्रतीवरून) घेतली आहे आणि अ‍ॅनामॉर्फिक नाही, म्हणजे रुंद टीव्हीसाठी चित्र आडवं दाबून जास्त ओळींत भरलेलं नाही. रुंद चित्र ४:३ च्या चौकटीत बसवल्यामुळे पालच्या ५७६ ओळींपैकी चित्राला जेमतेम ३२७ मिळतात, अ‍ॅनामॉर्फिक असती तर ४३६ मिळाल्या असत्या. आजच्या टीव्हीवर चारही बाजूंनी काळी पट्टी येते. टीव्हीचं 'झूम' लावा, 'वाइड' किंवा 'स्ट्रेच' नको, नाहीतर सगळी पात्रं जाडी दिसतील. दर्जा सुमारच, पण संकलन खरं.

'ब्लेड रनर' कुठला पाहावा? (वाचक, पंढरपूर)

पहिल्यांदा पाहत असाल तर २००७ चा 'फायनल कट'. यात निवेदन नाही आणि १९८२ मध्ये चिकटवलेला गोड शेवटही नाही. त्या शेवटाची डोंगराची हवाई दृश्यं कुब्रिकच्या 'द शायनिंग'च्या उरलेल्या फिल्ममधून घेतली होती! या आवृत्तीतही डिजिटल दुरुस्त्या आहेत: काच फोडून पळणाऱ्या झोरा या पात्राच्या जागी स्टंट करणारी बाई स्पष्ट ओळखू येत होती, तिथे मूळ नटी जोआना कॅसिडीचा चेहरा बसवला. उडत्या गाडीच्या तारा पुसल्या. पण २००७ च्या पाच डिस्कच्या संचात १९८२ ची आवृत्ती आणि त्याआधीचा कच्चा वर्कप्रिंट (अंतिम संकलनाआधीची प्रत)सुद्धा दिला. बदल करावा तर असा करावा.

नव्या ४के डिस्कवर नटांचे चेहरे मेणाचे वाटतात. टीव्ही बिघडलाय की डिस्क? (वाचक, विजापूर रोड)

आधी टीव्ही तपासा. चित्राच्या सेटिंगमध्ये 'फिल्ममेकर मोड' असेल तर तो निवडा. नसेल तर 'सिनेमा'. नॉइज रिडक्शन दोन ठिकाणी असतं, दोन्ही बंद करा. हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद. शार्पनेस अगदी खाली आणा. काही कंपन्यांच्या टीव्हीत मधला आकडा म्हणजे शून्य असतो, तेव्हा उपशीर्षकांच्या अक्षरांभोवतीची पांढरी कड जिथे नाहीशी होते तिथे थांबा.

मग एखाद्या दुसऱ्या जुन्या चित्रपटाची चांगली डिस्क लावा. तिथे दाणा वळवळताना दिसला आणि या डिस्कवर दिसला नाही, तर दोष डिस्कचा. सोलापुरी चादर इतकी घासली की वीणच गेली, तर तिला स्वच्छ झाली म्हणत नाहीत. फिल्मचा दाणा म्हणजेच चित्राची वीण. सॉफ्टवेअर शेजारच्या फ्रेमची सरासरी काढून दाणा पुसतं. त्याला दाणा आणि त्वचेची रंध्रं यांतला फरक कळत नाही, मग भुवया, केस, कापडाचा पोतही जातो. गेलेला तपशील परत आला असं भासवायला वर शार्पनिंग चढवतात. 'टर्मिनेटर २'च्या ४के डिस्कवर हा प्रकार ठळक आहे. २०२४ मध्ये आलेल्या 'एलियन्स'च्या डिस्कबद्दल तक्रार वेगळी होती: दाणा काढून यंत्रशिक्षणाने तपशील 'घडवला'. ते पाहायचं असेल तर नायिकेच्या चेहऱ्यावर थांबू नका. मागच्या रांगेतले, फोकसबाहेरचे चेहरे आणि भिंतीवरची बारीक अक्षरं पाहा. यंत्राचा अंदाज तिथे चुकतो.

गावातल्या बंद पडलेल्या टॉकीजमध्ये ३५ मिमीची रिळं सापडली. डबा उघडला की व्हिनेगरसारखा वास येतो, चित्र गुलाबी पडलंय. काही उपयोग आहे का? (वाचक, अक्कलकोट)

आहे, आणि घाई करा. मूळ आवृत्त्या शेवटी अशाच प्रिंटांमधून वाचतात. १९९७ च्या बदलांसाठी 'स्टार वॉर्स'च्या मूळ निगेटिव्हमधलेच तुकडे काढून नवे जोडले गेले. त्यामुळे १९७७ मधली प्रत्येक चांगली प्रिंट मोलाची ठरते. जून २०२५ मध्ये लंडनला बीएफआय (ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूट) या संस्थेच्या महोत्सवात अशीच एक १९७७ ची टेक्निकलर प्रिंट दाखवली. टेक्निकलरच्या त्या पद्धतीत रंग थेट फिल्मवर छापत, म्हणून ते टिकले. तुमच्याकडची ईस्टमनकलर असणार: त्यात निळसर-हिरवा रंग आधी उडतो आणि उरतं ते गुलाबी.

वास अ‍ॅसिटिक अ‍ॅसिडचा. फिल्मचा अ‍ॅसिटेट पाया उष्णता आणि दमटपणाने तुटतो, त्यातून आम्ल सुटतं आणि तेच आम्ल पुढची तोडफोड वेगाने करतं. आपल्याकडचा ४२-४३ अंशांचा मे महिना पत्र्याच्या खोलीत याला खतपाणी घालतो. तेव्हा वास येणारी रिळं बाकीच्यांपासून लगेच वेगळी करा. हवाबंद प्लास्टिकमध्ये गुंडाळू नका, आम्ल आतच कोंडतं. गंजलेले डबे काढून टाका, थंड आणि हवेशीर जागी रीळ आडवं ठेवा, हातात सुती मोजे घाला.

प्रोजेक्टरवर चढवायचा मोह टाळा. आधी शंभर छिद्रांची लांबी मोजा. शाबूत प्रिंटमध्ये ती ४७५ मिलिमीटर भरते. ४७० च्या खाली आली तर फिल्म एक टक्क्याहून जास्त आकसली आहे आणि दात्यांवर छिद्रं फाटतील. फिल्मच्या कडेला 'सेफ्टी' असं छापलं आहे का तेही बघा. नसेल आणि चित्रपट १९५१ च्या आधीचा असेल तर तो नायट्रेट असू शकतो. तो भयंकर पेट घेतो, हात न लावता पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला कळवा. बाकीच्या रिळांसाठीही तेच दार ठोठवायचं.

एआय वापरून चित्रपटाचा शेवटच बदलता येतो म्हणे. आपल्याकडे कायदा काय सांगतो? (विद्यार्थी, सोलापूर)

'रांझणा' विज्ञानपट नव्हे, पण उदाहरण तेच आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये त्याची तमिळ आवृत्ती एआयने बदललेल्या सुखान्तासह पुन्हा लागली. दिग्दर्शक आनंद एल. राय आणि धनुष या दोघांनी जाहीर निषेध केला. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५७ मध्ये कर्त्याला आपल्या कृतीची मोडतोड रोखण्याचा अधिकार आहे. अडचण अशी की याच कायद्यात चित्रपटाचा 'कर्ता' म्हणजे निर्माता. त्यामुळे दिग्दर्शकाची भिस्त मुख्यतः त्याच्या करारावर. सेन्सॉर प्रमाणपत्र मिळालेल्या चित्रपटात बदल केला तर तो मंडळाला कळवावा लागतो, पण मंडळ पाहतं ते प्रमाणपत्रापुरतं. मूळ शेवट कोणाचा, याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

मुलीला 'इ. टी.' दाखवायचाय. बंदुका असलेला की नसलेला? (वाचक, होटगी रोड)

असलेला. २००२ च्या आवृत्तीत पोलिसांच्या हातातल्या बंदुकांच्या जागी वॉकी-टॉकी घातले होते. तो बदल करायला नको होता, हे स्पीलबर्गने नंतर स्वतःच सांगितलं. २०१२ पासूनच्या ब्लू-रेवर मूळचीच आवृत्ती आहे. जुनी डीव्हीडी घेणार असाल तर एनटीएससी (अमेरिकी टीव्ही पद्धत, वेग वाढत नाही) डिस्कवर ११५ मिनिटं मूळची, १२० बदललेली. पालवर अनुक्रमे साधारण ११० आणि ११५.

म्हणजे '११५ मिनिटं' एवढंच वाचून डिस्क घेऊ नका, शेजारी पाल की एनटीएससी तेही वाचा.