एमजीबीचं सिल कापण्याआधी

एमजीबी या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारची गंजलेली सिलं, म्हणजे दारांखालचे पत्र्याचे पोकळ पट्टे, बदलून तिला रंग द्यायचा असेल, तर रंगाचा विचार आत्ता नकोच. १९६२ ते १९८० या काळात बनलेल्या एमजीबीला वेगळी चॅसी नाही. दारांखालची सिलंच भार पेलतात. म्हणून कापण्याआधी बॉडीला खालून नीट आधार द्या, दाराच्या चौकटीत लोखंडी पाइप आडवा वेल्ड करा आणि एका वेळी एकच बाजू घ्या. तुमची गाडी रोडस्टर असेल, तर पक्कं छप्पर नसल्याने ती आधाराशिवाय मधोमध खाली वाकते. मग दारं कधीच नीट लागत नाहीत. दारांभोवतीच्या फटी सारख्या तपासत राहा. पत्र्यावर लोहचुंबक फिरवा, चिकटला नाही तिथे पुट्टी आहे. जुन्या सिलवर नुसता नवा पत्रा चढवणाऱ्या मेस्त्रीला स्पष्ट नाही म्हणा, आतला गंज तसाच खात राहतो. रंगकाम झाल्यावर सिलच्या पोकळीत मेण फवारा, पाणी निघायची भोकं मोकळी ठेवा.