वाचकांचे प्रश्न : हातातल्या संगणकावर नेहमीचेच डेबियन

प्रश्न : मी केळीच्या कापणीचा हिशेब पाहतो. कापणीच्या दिवशी बांधावर, वजनकाट्याशेजारी उभे राहून घडांचे वजन, त्या दिवसाचा बोर्डभाव आणि मजुरी अशी नोंद करावी लागते. त्यासाठी मावसभावाकडून त्याचा वापरलेला जीपीडी पॉकेट हा सात इंची संगणक घेतला आहे. त्यात विंडोज १० आहे आणि त्याचे अद्ययावतन आता बंद झाले आहे, म्हणून लिनक्स बसवावे असे वाटते. मला एक फाईल मिळाली आहे. ती २०१७ मध्ये कोणीतरी उबंटू १६.०४ या लिनक्सवरून खास याच यंत्रासाठी तयार केली होती. दुसरा पर्याय म्हणजे सर्वांसाठी असलेले डेबियन हे लिनक्सचे वितरण (तयार आवृत्ती). मित्र म्हणतात की नेहमीचे वितरण बसवले तर चित्र उभे-आडवे होते आणि वाय-फाय चालत नाही. मी काय करावे?
– एक वाचक, रावेर तालुका

उत्तर : आपण डेबियनच बसवावे. आपल्या मित्रांनी सांगितलेल्या दोन्ही अडचणी खऱ्या होत्या, परंतु त्या यंत्र बाजारात आले त्या काळातल्या आहेत. तेव्हा खास फाईल तयार करण्यावाचून गत्यंतर नव्हते, आणि ज्यांनी ती केली त्यांचे उपकारच मानले पाहिजेत. मात्र उबंटू १६.०४ चा नेहमीचा आधार एप्रिल २०२१ मध्ये संपला. ज्या यंत्रात दुसऱ्यांच्या मालाचा आणि मजुरीचा हिशेब राहणार आहे, त्यात सुरक्षेच्या दुरुस्त्या न मिळणारी प्रणाली ठेवू नये, एवढे एकच कारण मला पुरेसे वाटते. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, म्हणून आपण ते सोडत आहात. मग त्याच्याही आधी आधार संपलेल्या प्रणालीकडे जाण्यात काय हशील?

आकाराने लहान असला तरी हा संगणक आतून साधाच आहे, हे प्रथम लक्षात घ्यावे. त्यात इंटेलचा अ‍ॅटम एक्स७-झेड८७५० प्रोसेसर, ८ जीबी मेमरी आणि १२८ जीबीची ईएमएमसी (चिपवरची) साठवण आहे, आणि तो घरच्या संगणकाप्रमाणेच यूईएफआयमधून, म्हणजे यंत्र सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रॅममधून (बायोसच्या नव्या रूपातून), सुरू होतो. म्हणून इतर कोणत्याही ६४-बिट संगणकाचा पेनड्राइव्ह याला चालतो. अडचण होती ती केवळ काही सुट्या भागांची.

त्यांतला पहिला भाग म्हणजे पडदा. चित्र १९२० बाय १२०० ठिपक्यांचे दिसत असले, तरी आतली काच टॅबलेटची, म्हणजे मुळात उभी, १२०० रुंद आणि १९२० उंच अशी आहे. ती आडवी करून बसवली आहे. हे ज्या प्रणालीला ठाऊक नसते ती चित्र कुशीवर झोपवते. लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे प्रणालीच्या गाभ्यात, अशा आडव्या बसवलेल्या पडद्यांची एक यादी आहे आणि २०१८ पासून जीपीडी पॉकेट तिच्यात आहे. आता, यंत्र ओळखायचे कसे, हा प्रश्न मोठा रोचक होता. प्रत्येक संगणकाच्या बायोसमध्ये उत्पादकाने आपले व यंत्राचे नाव लिहायचे असते. या यंत्रात त्या जागी नुसते ‘डिफॉल्ट स्ट्रिंग’ असे भरताड शब्द राहून गेले आहेत. तेच शब्द इतर कितीतरी यंत्रांतही आढळतात. म्हणून कर्नल त्या शब्दांच्या जोडीला बायोसची तारीख आणि पडद्याचे माप पाहतो, आणि सगळे जुळले तरच चित्र फिरवतो. यादीतल्या तारखा २०१७ च्या मे ते ऑगस्ट या महिन्यांतल्या आहेत. आपल्या यंत्रात बायोस बदललेला असेल आणि त्याची तारीख त्या यादीत नसेल, तर चित्र कुशीवरच राहील. तसे झाल्यास कर्नलच्या आज्ञेच्या ओळीच्या (ती ग्रब या सुरुवातीच्या मेनूतून बदलता येते) शेवटी ‘एफबीकॉन’, बरोबरचे चिन्ह, ‘रोटेट’, विसर्गासारखी दोन टिंबे आणि १ हा आकडा, मध्ये जागा न सोडता आणि रोमन लिपीत, लिहावा. अक्षरांचा पडदा सरळ होतो. चित्रमय पडद्यासाठी ग्नोम या डेस्कटॉपच्या (खिडक्या व मेनू दाखवणाऱ्या भागाच्या) सेटिंगमधून दिशा बदलावी.

येथे माझे मत स्पष्ट सांगतो : डेस्कटॉप म्हणून ग्नोम निवडावे. यंत्र लहान म्हणून हलके एक्सएफसीई घ्यावे असे अनेकांना वाटते आणि तो विचार चुकीचा नाही. परंतु एक्सएफसीईत कर्नलची सूचना डेस्कटॉपपर्यंत पोहोचत नाही, चित्र आज्ञा देऊन फिरवावे लागते, आणि चित्र फिरवले तरी बोटाचा स्पर्श जुन्याच दिशेने लागतो, तोही वेगळा फिरवावा लागतो. ग्नोम हे दोन्ही आपोआप करते. ८ जीबी मेमरीत ते आणि लिबरऑफिसचा हिशेबाचा तक्ता आरामात बसतात. सात इंचांत इतके ठिपके म्हणजे एका इंचात सुमारे ३२३. तेव्हा सेटिंगमध्ये अक्षरांचा आकार २०० टक्के करून घ्यावा. सुरुवातीचा ग्रबचा मेनू मात्र कुशीवरच दिसेल. तो बिघाड नव्हे. कर्नल त्यानंतर जागा होतो.

दुसरा भाग वाय-फायचा. त्याची चिप ब्रॉडकॉमची आहे आणि तिला फर्मवेअरबरोबरच (चिपमध्ये चालणाऱ्या प्रोग्रॅमबरोबरच) या यंत्रापुरती मोजमापांची एक छोटी मजकूर-फाईल लागते. पूर्वी ती शोधून हाताने योग्य जागी ठेवावी लागे, आणि वाय-फायच नसलेल्या संगणकावर ती आणायची कोठून, हा पेच असे. आता ती फाईल लिनक्सच्या सामाईक फर्मवेअर संग्रहातच आहे. त्यातही डेबियनचा एक अडथळा होता : मुक्त नसलेले, म्हणजे ज्याचा मूळ कोड खुला नाही असे, फर्मवेअर अधिकृत इन्स्टॉलरमध्ये ठेवायचे नाही, असा त्यांचा दंडक होता. २०२२ मध्ये डेबियनच्या विकासकांनी मतदान करून तो बदलला आणि जून २०२३ मधल्या डेबियन १२ पासून असे फर्मवेअर इन्स्टॉलरसोबतच येऊ लागले. आपण ऑगस्ट २०२५ मध्ये आलेले डेबियन १३ घ्यावे. एवढे करूनही वाय-फाय दिसले नाही, तर फोन यूएसबीच्या वायरीने जोडून टेथरिंग (फोनचे इंटरनेट संगणकाला देणे) सुरू करावे; त्याला वेगळ्या फर्मवेअरची गरज नसते, आणि या यंत्राला नेटवर्कच्या वायरीची खाच नसल्याने तोच जवळचा मार्ग आहे.

प्रत्यक्ष बसवताना साधा इन्स्टॉलर न घेता ग्नोमची लाइव्ह आवृत्ती पेनड्राइव्हवर घ्यावी. ती साठवणीला हात न लावता पेनड्राइव्हवरूनच चालते. तिच्यात बसून चित्र सरळ आहे का, वाय-फाय, आवाज आणि स्पर्श चालतात का, बॅटरीचा आकडा दिसतो का, झाकण मिटून उघडल्यावर यंत्र जागे होते का, हे निवांत पाहावे. या पाहणीला अर्धा तास लागला तरी चालेल, पण ती टाळू नये. नंतर विंडोजची संपूर्ण प्रत क्लोनझिला या डिस्कची प्रत काढणाऱ्या प्रोग्रॅमने बाहेरच्या डिस्कवर काढून ठेवावी. यंत्राला नेहमीच्या आकाराची यूएसबी खाच एकच आहे, त्यामुळे पेनड्राइव्ह आणि डिस्क एकत्र लावण्यासाठी हब आधीच आणून ठेवावा. बसवायची जागा निवडताना साठवणीचे नाव ‘एसडीए’ असे न दिसता ‘एमएमसीबीएलके’ आणि शून्य असे दिसेल. त्याच नावापुढे ‘बूट’ लिहिलेले चिमुकले भाग दिसल्यास त्यांना हात लावू नये. बायोसमध्ये पुष्कळ पर्याय उघडे दिसतील. पेनड्राइव्हवरून सुरू करण्याची निवड सोडून तेथे काहीही बदलू नये, असा माझा आग्रह आहे.

आता आपल्या भागाची गोष्ट. मे महिन्यात भुसावळ-रावेरकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, आणि या यंत्रातला पंखा बोटभर आहे. त्याचा ड्रायव्हरही आता मूळ कर्नलमध्ये असून तो प्रोसेसरचे तापमान पाहून ५५, ६० आणि ६५ अंशांवर पंख्याचा वेग टप्प्याटप्प्याने वाढवतो. सावलीतली हवाच ४५ अंश असेल तेव्हा पंखा सतत फिरणार, हे गृहीत धरावे. यंत्र केळीच्या सावलीत ठेवावे, तळाची व बाजूची छिद्रे कापडाने किंवा पानाने झाकू देऊ नयेत, आणि दुपारी बंद गाडीत तर ते मुळीच ठेवू नये.

मराठी टंकलेखनासाठी आयबस हा भाषा टंकण्याचा प्रोग्रॅम आणि त्याचे एम१७एन हे पॅकेज घेऊन इन्स्क्रिप्ट ही कळांची रचना निवडावी. इन्स्क्रिप्टमध्ये च, ट आणि ड ही अक्षरे उजवीकडच्या चिन्हांच्या कळांवर येतात, आणि या कळफलकावर नेमक्या त्याच कळा लहान व सरकलेल्या आहेत. दोन-चार दिवस बोटे चुकतील. ‘कांदेबाग’, ‘नवती’ असे नेहमी लागणारे शब्द तक्त्यात निवडीच्या यादीत भरून ठेवले, तर बांधावर टंकण्याचे काम बरेच कमी होईल.

प्रश्न : माझ्याकडे जुना अँड्रॉइड फोन पडून आहे. त्यावरही असेच डेबियन बसेल का?
– एक वाचक, शहादा

उत्तर : असेच बसणार नाही. वरच्या यंत्रात यूईएफआय आहे. ते आतल्या भागांची ओळख प्रणालीला करून देते, म्हणून एकच पेनड्राइव्ह हजार यंत्रांना चालतो. फोनचा प्रोसेसर एआरएम जातीचा असतो आणि आतल्या भागांचे वर्णन प्रत्येक मॉडेलसाठी वेगळे लिहून कर्नलला द्यावे लागते. शिवाय बूटलोडर (प्रणाली सुरू करणारा प्रोग्रॅम) अनेकदा कुलूपबंद असतो. अल्पाइन या वितरणावर आधारलेले, फोनसाठीचे पोस्टमार्केटओएस २०१७ पासून हे काम मॉडेलगणिक करत आले आहे, आणि डेबियनवर आधारलेले मोबियन पाइनफोनसारख्या मोजक्या फोनांसाठी आहे. आपल्या फोनचे नेमके मॉडेल पोस्टमार्केटओएसच्या यादीत शोधावे, आणि नाव सापडले तरी कॅमेरा व कॉल यांच्यापुढे काय लिहिले आहे ते वाचल्याशिवाय बूटलोडर उघडू नये, कारण तो उघडताना फोनमधली सर्व माहिती पुसली जाते.