कॉम्प्रेसरला हात लावण्याआधी

आधी एक गैरसमज काढून टाक. ऑडिओ एडिटिंगमधला कॉम्प्रेसर आवाज मोठा करत नाही, मोठा झालेला आवाज दाबतो. थ्रेशोल्ड (ज्या पातळीच्या वरचा आवाज दाबला जातो ती) -१८ डेसिबल आणि रेशो (किती दाबायचं ते प्रमाण) ३:१ ठेवलास, तर थ्रेशोल्डच्या ६ डेसिबल वर गेलेला आवाज फक्त २ डेसिबल वर राहतो. मग मेकअप गेन (दाबल्यामुळे कमी झालेली पातळी भरून काढणारी वाढ) देऊन सगळंच वर उचलायचं, आणि खरी गोची तिथेच होते. बोलण्याबरोबर पंख्याची घरघर, श्वास, खुर्चीची करकर हेही वर येतं. म्हणून नॉइज आधी साफ कर, कॉम्प्रेशन नंतर.

बोलण्याच्या रेकॉर्डिंगला २:१ ते ४:१ पुरतं. गेन रिडक्शनचा (आवाज किती दाबला जातोय त्याचा) मीटर बघ: जोराच्या शब्दांना ३ ते ६ डेसिबल हलला की बस. काटा सतत खालीच असेल, तर थ्रेशोल्ड फार खाली गेलाय.

अटॅक (आवाज थ्रेशोल्डवर गेल्यावर दाबायला लागणारा वेळ) फार कमी केलास तर क, ट, प यांची धार जाते आणि बोलणं बोथट होतं. मी १० मिलिसेकंदांपासून सुरुवात करतो. रिलीज (आवाज खाली आल्यावर दाबणं सुटायला लागणारा वेळ) १०० मिलिसेकंदांच्या आसपास. त्याहून फार कमी केला तर दोन शब्दांमधला आवाज धापा टाकल्यासारखा वर-खाली होतो. (सुरुवातीला मला ते ऐकूच यायचं नाही. हेडफोन लाव.)

तुलना करताना आधीचा आणि नंतरचा आवाज सारख्याच पातळीवर आणून ऐक, नाहीतर जो मोठा तोच कानाला चांगला वाटतो. आणि एखादंच वाक्य किंचाळल्यासारखं असेल, तर कॉम्प्रेसर कशाला? तेवढा तुकडा निवडून हाताने खाली कर.