कंबरेतली डिस्क (दोन मणक्यांमधली गादी) थोडी फुगलीय, डॉक्टर म्हणतात ताण आहे. मग दुखणं खोटं का?

दोन वर्षं कंबर दुखतेय आणि आता कारण 'ताण' सांगितलं, म्हणून तुम्ही विचारलंत, हे मनाचे खेळ आहेत का? अजिबात नाहीत. दुखणं पूर्ण खरं आहे.

आधी एक गोष्ट. लघवी-शौचावरचा ताबा जाणं, मांड्यांच्या आत बधिरपणा, पायातली ताकद कमी होत जाणं, ताप, विनाकारण वजन घटणं, यातलं काही झालं तर लगेच डॉक्टर गाठा. तुमच्या तपासण्यांत तसं काही नाही, म्हणून पुढचं लिहिते.

डिस्कला फार घाबरू नका. २०१५ च्या एका आढाव्यात, कंबर न दुखणाऱ्या विशीतल्या जवळपास ३० टक्के लोकांचीही डिस्क फुगलेली आढळली. दुखणं महिनोन्‌महिने टिकलं की मज्जासंस्थाच हळवी होते आणि साध्या हालचालीलाही धोका समजते. भीती, नोकरीची काळजी, गिळलेला राग तिला शांत होऊ देत नाहीत. माझी मान वरिष्ठांसोबत बैठक असली की सकाळपासूनच आवळायची, आणि आवडीच्या कामात तासन्‌तास बसूनही काही व्हायचं नाही. नुसता मणक्याचा दोष असता तर तो माणसं बघून दुखला नसता.

बुटाची लेस बांधायला वाकताना स्वतःकडे बघा. वाकण्याआधीच श्वास रोखलेला, दात आवळलेले, एक हात आधार शोधतोय. उपचार इथूनच सुरू करा. खुर्चीत बसून, श्वास सोडत गुडघ्यापर्यंतच वाका. कळ आली तर ती कशी आहे ते निवांत पाहा: ओढ आहे, उष्ण आहे, सरकतेय? 'दुखतंय, पण काही मोडत नाहीये' असं मनाशी म्हणा. अंगवळणी पडलं की थोडं अजून वाका.

याच धर्तीच्या पेन रीप्रोसेसिंग थेरपीचा, म्हणजे दुखण्याला धोका न समजायला मेंदूला शिकवणाऱ्या उपचाराचा, १५१ जणांवरचा अभ्यास २०२२ मध्ये 'जामा सायकियाट्री' या वैद्यकीय नियतकालिकात आला. चार आठवडे हा उपचार घेतलेल्यांपैकी ६६ टक्के लोकांचं दुखणं गेलं किंवा जवळजवळ गेलं. नेहमीचेच उपचार घेणाऱ्यांत हे प्रमाण १० टक्के होतं. सगळ्यांनाच इतका गुण येईल असं नाही, पण आशा ठेवायला हे पुरेसं आहे.

वही ठेवा. किती दुखलं ते नको, त्याआधी काय घडलं आणि काय बोलायचं राहून गेलं ते लिहा. जुनं दुःख वर आलं तर समुपदेशकांची सोबत घ्या. गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका.

मधे बरं वाटून पुन्हा जोरात दुखेल. तेव्हा नवीन लक्षण नसेल तर पुन्हा एमआरआयकडे धावण्याआधी वहीतला तो आठवडा वाचा. चालणं कमी करा, पण सोडू नका.