लस फुकट मिळते, पॉलिसी मात्र परत करा

प्रश्न: मी सिन्नरजवळ टेम्पो चालवतो. वय 29, महिन्याला 32 हजार सुटतात. मुलगी नऊ आठवड्यांची आहे. रोटाव्हायरस (बाळांना जुलाब करणारा विषाणू) लशीच्या तीन डोसांचे खासगीत साडेपाच हजार सांगितले. शेजारचं बाळ जुलाबाने चार दिवस ॲडमिट होतं, बिल 18 हजार. लस घेऊ की पैसे एसआयपीत (म्युच्युअल फंडात दरमहा गुंतवणूक) टाकू? नुकतीच वर्षाला 60 हजारांची चाइल्ड युलिप (विमा आणि बाजारातली गुंतवणूक एकत्र असलेली पॉलिसी) घेतली, कागद येऊन 12 दिवस झाले. एजंट 15 टक्के परतावा मिळेल म्हणतो. आरोग्य विमा नाही.

उत्तर: रोटाव्हायरसची लस सरकारी केंद्रात फुकट आहे, त्यामुळे निवड करायचीच नाही. डोस 6, 10 आणि 14 आठवड्यांना, तोंडावाटे. पहिला चुकला असेल तर आशाताईंना विचारून या आठवड्यातच उपकेंद्रात जा, सोबत माता-बाल संरक्षण कार्ड न्या. पेंटाव्हॅलंट (पाच आजारांवरची एकत्र लस) आणि पोलिओचे डोसही याच वेळी असतात, तेही राहिलेत का पाहून घ्या.

तुमच्या शेजाऱ्याचे 18 हजार आणि तुमचे बुडणारे चार खाडे, म्हणजे साधारण 22 हजार. लस सगळे जुलाब थांबवत नाही, रोटाव्हायरसचे गंभीर आजारपण मात्र बरंच कमी करते. म्हणून घरात ओआरएस ठेवा, आणि जुलाब झाल्यास डॉक्टरांच्या सल्ल्याने झिंक 14 दिवस पूर्ण द्या.

आता न विचारलेलं. 15 टक्के विसरा. कंपनीच्या अधिकृत तक्त्यात 4 आणि 8 टक्केच धरून आकडे दाखवतात, तो उघडून बघा. हप्त्याच्या दहापट धरलं तर विमा कवच सहा लाख, म्हणजे तुमच्या जेमतेम दीड वर्षाच्या कमाईएवढं. नऊ आठवड्यांच्या मुलीच्या नावाने हे विकणाऱ्याचा मला राग येतो.

कागद हाती आल्यापासून 30 दिवसांत पॉलिसी परत करता येते. तुमच्याकडे 18 उरलेत. त्यानंतर पैसे पाच वर्षं अडकतील. लेखी अर्ज, मूळ पॉलिसी आणि रद्द केलेला चेक घेऊन स्वतः शाखेत जा, शिक्क्याची पोच घ्या. एजंटच्या हाती काही देऊ नका, तो दिवस घालवेल.

परत आलेल्या पैशांतून आधी 50 लाखांचा टर्म विमा (फक्त मृत्यूनंतर घरच्यांना पैसे देणारा; वर्षाला सात-आठ हजार), मग पाच लाखांचा फॅमिली फ्लोटर (सगळ्या कुटुंबाचा एकच आरोग्य विमा; वर्षाला पंधरा-सतरा हजार). फ्लोटर घेताना बाळ कितव्या दिवसापासून धरतात ते लेखी विचारा. बऱ्याच ठिकाणी 91व्या दिवसापासून धरतात. उरलेले 35 हजार आधी बँकेत आपत्कालीन म्हणून ठेवा. एसआयपी त्यानंतर.