जावास्क्रिप्ट इंजिन लिहिताना सिम्बॉल आणि प्रायव्हेट प्रॉपर्टी कशा बसवायच्या? प्रायव्हेट म्हणजे लपवलेला सिम्बॉलच ना?

तुमच्या प्रश्नातला तो ‘च’ वाचला आणि लिहायला बसलो. हेच वाक्य, याच सुरात, २०२१ मध्ये आमच्या लीडने मला ऐकवलं होतं. वर “एका दिवसाचं काम आहे” असंही.

सिम्बॉलचं आधी उरकतो. सिम्बॉल म्हणजे प्रॉपर्टीला नाव म्हणून लावायची, दुसऱ्या कशाशीच न जुळणारी किंमत. पेटीवर ‘देवगड हापूस’ छापलं म्हणून आतला आंबा देवगडचा होत नाही, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. सिम्बॉलचं वर्णन म्हणजे तसली छापील पट्टी. तुलना करायची ती पेटीची, म्हणजे पॉइंटरची. प्रॉपर्टीच्या नावांच्या स्ट्रिंग तुम्ही इंटर्न करत असालच, म्हणजे एका मजकुराची एकच प्रत टेबलात ठेवत असाल, त्याच टेबलात सिम्बॉलही बसतो. अडतं ते हॅशवर, म्हणजे टेबलात जागा शोधायच्या आकड्यावर. स्ट्रिंगचा हॅश मजकुरातून निघतो, सिम्बॉलचा कशातून काढणार? मेमरीतला पत्ता वापरू नका, जीसी (नको असलेली मेमरी झाडणारा गार्बेज कलेक्टर) वस्तू हलवणारा असेल तर बोंब. जन्मतानाच एक रँडम आकडा द्या आणि सिम्बॉलमध्येच साठवा, व्हीएट (V8, क्रोमचं इंजिन) हेच करतं. ‘सिम्बॉल डॉट फॉर’साठी मात्र वेगळी नोंदवही, तिथे नावाला किंमत आहे, तेच नाव दिलं की तोच सिम्बॉल.

आता माझं दुखणं. कंपनी पुण्याची, मी लॉकडाऊनपासून देवगडजवळच्या घरी. बिलिंग मशीनवर चालणारं, सीमध्ये लिहिलेलं छोटं इंजिन होतं. लीडचं म्हणणं, कोड वाचणाऱ्या पार्सरला #शिल्लक दिसलं (# ही प्रायव्हेटची, म्हणजे क्लासबाहेरून न दिसणाऱ्या नावाची खूण; आणि हो, देवनागरी नाव चालतं, भाषेची हरकत नाही) की त्याच नावाची साधी प्रॉपर्टी करायची, फक्त की मोजताना दाखवायची नाही. मी विचारलं, चौकटी कंसात ‘#शिल्लक’ अशी स्ट्रिंग कुणी लिहिली तर? “कोण कशाला लिहितंय?” टेस्टरने दुसऱ्याच दिवशी लिहिली.

मग माझी अक्कल पाजळली. सिम्बॉलला एक ‘प्रायव्हेट’ बिट दिला. तो बिट असेल तर ऑब्जेक्टच्या सगळ्या की देणाऱ्या ‘रिफ्लेक्ट डॉट ओनकीज’पासून सगळ्यांनी त्याला वगळायचं. इथवर ठीक होतं. व्हीएटही आतून प्रायव्हेट सिम्बॉलच वापरतं, क्विकजेएस या छोट्या इंजिनाने ॲटमचा (इंटर्न केलेल्या नावाचा) वेगळा प्रकार ठेवलाय. घोड्याने पेंड खाल्ली ती पुढे. तो सिम्बॉल मी कंपाइल करतानाच बनवला आणि कॉन्स्टंट पूलमध्ये, म्हणजे कोडसोबतच्या कायम किमतींच्या यादीत, टाकून मोकळा झालो.

१६ मेला तौक्ते आलं. आमचे दोन माड आडवे, पडवीची कौलं उडाली, वाडीतले खांब झोपले. आठ दिवस वीज नाही, रेंज नाही. आदल्या संध्याकाळी आलेला बग तेवढा डोक्यात राहिला. एक फंक्शन क्लास तयार करून परत देतं, ते दोनदा बोलावलं, दोन दुकानांसाठी दोन क्लास. आणि पहिल्या क्लासची मेथड दुसऱ्याच्या ऑब्जेक्टमधली शिल्लक खुशाल वाचत होती. यायला हवा होता टाइपएरर.

पडवीत बसून कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर बाइटकोड, म्हणजे कंपाइल होऊन निघालेल्या सूचना, हाताने चालवला. आजी बाजूला वाऱ्याने पडलेले आंबे निवडत होती. “लाईट नाय तरी ह्येचा काम चालूच आसा.” तिसऱ्या दिवशी दिसलं. क्लासचे दोन चौकोन काढले होते, पण दोन्हींचे बाण एकाच सिम्बॉलवर. क्लासचा मजकूर एक असला तरी तो जितक्या वेळा चालतो तितक्या वेळा प्रायव्हेट नाव नव्याने जन्मायला हवं. म्हणजे सिम्बॉल बनवायचा तो क्लास चालताना, ठेवायचा क्लासच्या स्कोपमधल्या एका लपलेल्या व्हेरिएबलमध्ये, आणि मेथडनी तो क्लोजरसारखा धरायचा. बाइटकोडची एक नवी सूचना (ऑपकोड), चाळीसेक ओळी.

वीज आल्यावर पाठवलं. उत्तर आलं, “गावी बसून काम केलं की असंच होतं, आठ दिवस पत्ता नाही.” बगबद्दल अवाक्षर नाही. वादळ काय मी बोलावलं होतं?

असो. तुमचा ‘च’ का चुकतो तर प्रायव्हेट फील्ड शोधताना प्रोटोटाइपची साखळी चढायची नाही. नसेल तर अनडिफाइन्ड नव्हे, टाइपएरर. तेच फील्ड त्याच ऑब्जेक्टवर दुसऱ्यांदा घालायला गेलात तरी टाइपएरर. ऑब्जेक्ट फ्रीझ केला तरी त्याचं प्रायव्हेट फील्ड बदलता येतं. आणि प्रॉक्सी, म्हणजे खऱ्या ऑब्जेक्टला (टार्गेटला) गुंडाळून त्याच्यावरची कामं हँडलरच्या फंक्शनांकडे (ट्रॅपकडे) वळवणारी वस्तू. तिथे प्रायव्हेट फील्डसाठी हँडलरला विचारायचं नाही, टार्गेटकडेही जायचं नाही. नाहीतर ट्रॅपच्या हातात तो सिम्बॉलच पडेल आणि मग कसलं आलंय प्रायव्हेट. प्रॉक्सीत गुंडाळलेल्या ऑब्जेक्टवर मेथड फुटते म्हणून लोक शिव्या घालतात, पण ते मुद्दाम तसं आहे. सिम्बॉल २०१५ च्या मानकात आला आणि प्रायव्हेट फील्ड २०२२ च्या, ते उगाच नाही.

इनलाइन कॅशचं (प्रॉपर्टीची सापडलेली जागा लक्षात ठेवून वेग वाढवायची युक्ती) मी काहीच सांगितलं नाही, आमच्या इंजिनात ती नव्हती. प्रायव्हेट मेथडही वेगळं प्रकरण आहे, त्या दर ऑब्जेक्टवर साठवत बसू नका. आणि इंजिन नुसतं शिकण्यापुरतं असेल तर दर नावाला एक वीकमॅप (ऑब्जेक्टवरून किंमत शोधायचा तक्ता) लावा, नवा जावास्क्रिप्ट जुन्यात बदलणारं बॅबेल जुन्या ब्राउझरसाठी तेच करतं. हळू चालेल, चुकणार नाही.

तुमचाही लीड एक दिवस म्हणत असेल तर त्याला आधी तो दोनदा चालणारा क्लास विचारा. मला एकूण सतरा दिवस लागले. त्यातले आठ महावितरणचे.