शिकाऊ डॉक्टरांनी रुग्णाला सुई टोचणं नियमात बसतं का? आपण नकार देऊ शकतो का?

तुमचे वडील सरकारी मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात दाखल आहेत, रक्त काढताना एका शिकाऊ मुलाने तीनदा सुई टोचली, आणि अशा मुलांना हे करू देतात का, आपण नको म्हणू शकतो का, असं तुम्ही विचारलंय. मी अशाच एका रुग्णालयात मेडिसिन शिकवते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

नको म्हणता येतं. वडील शुद्धीवर असतील तर हा निर्णय त्यांचा. आधी त्यांना विचारा. विद्यार्थ्याला नकार दिला म्हणून कुणी उपचार थांबवू शकत नाही.

आता तो मुलगा नेमका कोण होता, हे महत्त्वाचं. एप्रन घातलेले सगळे नातेवाइकांना ‘शिकाऊ’च वाटतात, पण त्यात तीन वेगळे लोक असतात. पहिला एमबीबीएसचा विद्यार्थी. त्याची डॉक्टर म्हणून कुठेच नोंदणी नसते. तो रुग्णाशी बोलतो, तपासतो, आणि कुणीतरी शेजारी उभं राहून शिकवत असेल तरच साध्या गोष्टी हाताने करतो. दुसरा इंटर्न. साडेचार वर्षं पूर्ण करून, तात्पुरत्या नोंदणीवर १२ महिने काम करणारा. रक्त काढणं, इंट्राकॅथ (सलाईनसाठी शिरेत बसवायची बारीक नळी) लावणं, लघवीसाठी कॅथेटर म्हणजे नळी घालणं, टाके घालणं हे त्याने करायचंच असतं, पण वरिष्ठांच्या देखरेखीखाली. स्वतःच्या सहीने मृत्यूचा दाखला किंवा पोलीस केसचे कागद त्याने द्यायचे नसतात. तिसरा रेसिडेंट, म्हणजे जेआर. तो एमडी किंवा एमएस शिकत असला तरी पूर्ण नोंदणी झालेला डॉक्टर आहे. त्याला विद्यार्थी समजून नाकारलंत, तर रात्री दोन वाजता वॉर्डात धावून येणाऱ्या माणसालाच नाकारलंत.

नोंदणी नसताना स्वतंत्रपणे वैद्यकी करणं हा राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०१९ च्या कायद्याने गुन्हा आहे. १ वर्षापर्यंत कैद, ५ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. वरिष्ठाच्या नजरेखाली शिकणं आणि एकट्याने उपचार करणं यांतली रेघ इतकी ठळक आहे.

कागदावर ठळक, हं. वॉर्डात रात्री ती पुसट होते, आणि माझी खरी काळजी तिथे आहे.

मी इंटर्न होते तेव्हाची गोष्ट. एका बाईंचं पोटॅशियम फार कमी आलं होतं. जेआर कॅज्युअल्टीत अडकले होते, त्यांनी फोनवर सांगितलं, ‘केसीएल दे.’ केसीएल म्हणजे पोटॅशियमचं इंजेक्शन. मी अँप्यूल, म्हणजे औषधाची काचेची कुपी, फोडली, सिरिंजमध्ये भरली आणि पेशंटच्या हाताकडे वळले. वॉर्डातल्या सिस्टरांनी माझं मनगट धरलं. ‘डॉक्टर, हे सलाईनमध्ये घालून हळूहळू द्यायचं.’ पोटॅशियम थेट शिरेत गेलं तर हृदय बंद पडू शकतं. परीक्षेत मी हे लिहिलेलं होतं. पण पहाटेचे साडेतीन, १८ तासांची ड्यूटी, आणि फोनवर पुन्हा विचारलं तर रागावतील ही भीती. सकाळी त्या बाईंनी माझ्याकडे चहा मागितला, तेव्हा मी ड्यूटीरूममध्ये जाऊन रडले.

म्हणून माझ्या युनिटमध्ये इंटर्नला पहिल्या दिवशी सांगते: दोनदा शीर मिळाली नाही तर थांबायचं, तिसरी सुई सीनियरची. औषध पहिल्यांदा देत असाल तर कुणाला तरी दाखवून द्यायचं. विचारलं म्हणून इथे कुणी ओरडणार नाही, आणि सीनियर ओरडला तर मला सांगायचं. तुमच्या वडिलांना तिसरी सुई त्याच मुलाने टोचली, ते चुकलंच. पण त्याला थांबवायला जवळ कुणी नव्हतं, ही चूक त्याच्या वरच्यांची आहे.

काही ठिकाणी मात्र मी तडजोड करत नाही. स्त्रियांची आतली तपासणी किंवा गुदद्वारातून तपासणी शिकण्यासाठी करायची असेल, तर रुग्णाला वेगळं विचारलंच पाहिजे. भूल दिलेल्या बाईवर न विचारता विद्यार्थ्यांनी एकामागून एक तपासणी करणं मला अजिबात मान्य नाही. शस्त्रक्रियेच्या संमतीपत्रावर सही घ्यायला इंटर्नला पाठवलं असेल, तर ‘शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनी समजावून सांगावं’ असं म्हणा. संमती एका गोष्टीला दिली म्हणजे ती दुसरीला चालत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये समीरा कोहली प्रकरणात स्पष्ट केलंय.

तरीही एक विनंती: सरसकट सगळ्यांना नको म्हणू नका. मॅनिकिनवर, म्हणजे सरावाच्या पुतळ्यावर, हात बसतो, पण म्हाताऱ्या माणसाची सरकणारी शीर मॅनिकिनला नसते. शिवाय वॉर्डात वडिलांचं सगळं ऐकून घ्यायला सर्वांत जास्त वेळ बहुतेक वेळा त्या विद्यार्थ्याकडेच असतो.

उद्या सकाळच्या राउंडला थांबा. युनिटच्या लेक्चररना घडलेलं शांतपणे सांगा आणि ‘यापुढे रक्त सीनियरनी काढावं’ अशी नोंद केस पेपरवर करायला सांगा. ज्या हाताला सुया टोचल्या तिथे सूज, लाली किंवा ठणका असेल, तर सकाळपर्यंत थांबू नका, आत्ताच सिस्टरांना दाखवा.